निघण्याच्या प्रोसेसमध्ये

जयदेव भालेराव मोठी गाडी घ्यायला गेलाच नव्हता. तो गेला होता छोटी गाडी बघायला, आणि तेही बायकोने पाठवलं म्हणून. दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. बदलापुरात तेव्हा भरदुपारी वीज जायची, आणि बेलवलीतल्या सुखदा सोसायटीत वरच्या मजल्यावर दुपार काढणं म्हणजे इडलीपात्रात बसून राहणं होतं. शोरूममध्ये एसी होता. छोट्या गाडीभोवती गर्दी होती, आणि बाजूला उभ्या असलेल्या त्या अवाढव्य गाडीची पुढची सीट मात्र रिकामी होती. जरा टेकावं म्हणून जयदेव दार उघडून आत बसला. (एवढंच. पुढचं सगळं ह्या टेकण्यातून झालं.)

दार ओढलं तर 'धप्प' असा भारदस्त आवाज आला. त्याच्या घरातलं एकही दार असं लागत नसे; बाथरूमचं तर लागतच नसे. समोर काच, आणि काचेपलीकडे खाली, चांगलीच खाली, माणसं. अख्खी नोकरी जयदेवने स्कूटरवर काढली होती. बदलापूर ते अंबरनाथची केमिकल कंपनी, रोज, ट्रकच्या चाकांच्या उंचीवरून जग बघत. ट्रकच्या ड्रायव्हरला आपण नजरेला नजर देऊ शकतो, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वैष्णवी नावाची शोरूममधली मुलगी हसून म्हणाली, "सर, टेस्ट ड्राइव्ह?" आणि जयदेव घरी आला तो बुकिंग करूनच.

कुंदा, म्हणजे त्याची बायको, नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. उत्तर चुकलेल्या पोराकडे बघावं तसं तिने नवऱ्याकडे बघितलं.

"सात सीटर," ती म्हणाली.

"हो."

"आपण माणसं तीन."

"पाहुणे आले तर?"

"पाहुणे आले की आपण त्यांना घरात बसवतो, अहो. गाडीत नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीतून जयदेवची आई, द्रौपदीबाई, गुडघे धरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मला मोठीच बरी. पाय पसरता येतील. सुंदराकडं जाता येईल."

सुंदराबाई ही त्यांची मोठी बहीण. बारवी धरणाच्या वाटेवरच्या एका वाडीत राहायची. अंतर फार नव्हतं, पण एसटीच्या पायऱ्या द्रौपदीबाईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या, आणि दोघी बहिणी एकमेकींना फोनवरच म्हाताऱ्या होताना ऐकत होत्या. त्या संध्याकाळी द्रौपदीबाईंनी बहिणीला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा ठरलं होतं की सुंदराबाईच्या नातवाच्या, आकाशच्या, लग्नात नवरदेव जयदेवच्या नव्या गाडीतूनच जाणार. लग्न दिवाळीनंतर होतं. गाडी गणपतीच्या आधी मिळणार होती. मधे इतका मोकळा वेळ होता की काळजी करावी असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

गणपती आले. गणपती गेले. गाडी आली नाही.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जयदेव कंपनीत डिस्पॅचला होता. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे आणि माल का पोचला नाही हे गोड आवाजात सांगायचं, हे त्याचं काम. त्यामुळे शोरूमला फोन केला की त्याला आपलाच आवाज बाईच्या गळ्यातून ऐकू यायचा.

"सर, तुमची गाडी प्लांटमधून निघालीय," वैष्णवी म्हणायची.

"कधी निघाली?"

"आज निघेल सर."

"म्हणजे निघाली नाही."

"निघण्याच्या प्रोसेसमध्ये आहे सर."

जयदेव डोळे मिटून घ्यायचा. हे वाक्य त्याचं होतं. म्हणजे अगदी शब्दशः त्याचं नसलं तरी त्याच्या घराण्यातलं होतं. पुढच्या आठवड्यात गाडी 'ट्रान्झिटमध्ये' आली. ट्रान्झिट म्हणजे काय हे डिस्पॅचच्या माणसाला माहीत असतं: ट्रान्झिट म्हणजे कुणालाच काही माहीत नाही. त्यानंतर ट्रेलर घाटात बंद पडला. (घाटात बंद पडलेल्या ट्रकवर जयदेवने स्वतः कितीतरी गिऱ्हाइकं शांत केली होती. त्याचा घाट बारमाही बंद असायचा.) एकदा तर वैष्णवी जरा अडखळली तेव्हा तोच दमून म्हणाला, "चेकपोस्टला कागद अडकलेत म्हणा." ती म्हणाली, "हो सर, तेच." दोघांनीही फोन ठेवला.

वाट बघण्याच्या ह्या काळात त्याला मार्गदर्शन करायला राजेंद्र होता. राजेंद्र म्हणजे कुंदाचा धाकटा भाऊ. अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहायचा, आणि त्याच्याकडे हीच गाडी आधीच्या वर्षीपासून होती. रविवारी सकाळी तिथल्या एका चहाच्या टपरीवर ह्या गाडीचे मालक जमायचे. गाड्या ओळीने लावायचे आणि गाड्यांकडे बघत चहा प्यायचे. राजेंद्र जयदेवला तिथे घेऊन गेला. सगळ्यांच्या हातात चाव्या, जयदेवच्या हातात हेल्मेट.

"मागचा एसी घेतलायत ना?" एकाने विचारलं.

"घेतलाय."

"चुकलात. इंजिन लोड घेतं."

"मागचा एसी नसेल तर मागचे लोक शिव्या घालतात," दुसरा म्हणाला. "अलॉय व्हील्स आहेत?"

"टॉप मॉडेल आहे," जयदेव म्हणाला.

"कंपनीचे अलॉय काढून टाकायचे. रुंद टायर टाकायचे. रोडवर गाडी बसली पाहिजे."

"मायलेज किती देते?" जयदेवने विचारलं, आणि सगळे आपापल्या चहात बघू लागले. राजेंद्रने त्याला बाजूला घेतलं.

"दाजी, असं विचारायचं नसतं. फील विचारायचा."

राजेंद्रचं दुसरं मत असं की गाडी आल्यावर ॲक्सेसरीज घ्यायला वेळ मिळत नाही. आधीच घेऊन ठेवायच्या, म्हणजे गाडी आली की एका दिवसात तयार. जयदेवला हे पटलं. निदान गाडीचा काही भाग तरी घरी येईल, असंही त्याच्या मनात असेल. दोघं उल्हासनगरला लछूसेठच्या दुकानात गेले. दुकान एवढंसं, पण छतापासून गाड्यांची शिंगं, शेपट्या, मुखवटे लटकलेले.

"साईं, गाडी कोणती?" लछूसेठने विचारलं.

राजेंद्रने नाव सांगितलं.

"वाह. कुठे उभी केली?"

"अजून यायचीय," जयदेव म्हणाला.

लछूसेठने त्याच्याकडे मोठ्या प्रेमाने बघितलं. असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. "नो टेन्शन. गाडी आएगी. सामान पहले आया तो गाडीला पण यावं लागतं."

पुढे लावायचा स्टीलचा गार्ड, टपावरचा कॅरिअर, चढायला पायऱ्या, सीट कव्हर्स, आणि रिव्हर्स टाकला की भजनासारखी धून वाजवणारा हॉर्न, असं सगळं टेम्पोतून बेलवलीला आलं. गार्ड सोफ्यामागे उभा राहिला आणि त्यामुळे सोफा टीव्हीच्या इतका जवळ सरकला की द्रौपदीबाईंना मालिकेतली माणसं अंगावर येतात असं वाटू लागलं. कॅरिअर गॅलरीत गेला. कुंदाने त्याच्यावर कपडे वाळत घातले. चार दिवसांनी म्हणाली, "एवढी एक वस्तू कामाची आणलीत."

खालच्या मजल्यावरचे आण्णा सोसायटीचे सेक्रेटरी होते. घाटावरचा गडी, अंगाने भक्कम, रिटायर झाल्यापासून जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे. टेम्पो उतरताना त्यांनी पाहिला होता.

"भालेराव, स्पेअर पार्टचं दुकान काढताय का घरात? सोसायटीत धंद्याला परवानगी घ्यावी लागते."

"गाडीचं सामान आहे आण्णा."

"गाडी आली?"

"निघालीय," जयदेव म्हणाला.

तेव्हापासून आण्णा रोज सकाळ-संध्याकाळ विचारू लागले. "आली का गाडी?" त्यात कुचेष्टा नव्हती. चौकशी होती, आणि तीच जास्त लागायची. दूधवाला विचारायचा, इस्त्रीवाला विचारायचा. कंपनीतला साहेब विचारायचा आणि वर म्हणायचा, "डिस्पॅचला तुझ्यासारखा माणूस पाहिजे तिथे." आणि दर दोन दिवसांनी वाडीवरून सुंदराबाईचा फोन.

"काय रं पोरा, आली का?"

"येते मावशी."

"न्हाय, मी समद्या वाडीला सांगून ठेवलंय. आकाशच्या बापानं दुसरी गाडी ठरवली न्हाय. म्हटलं, घरची हाय."

फोन ठेवल्यावर जयदेव बराच वेळ सोफ्यावर, म्हणजे जवळजवळ टीव्हीत, बसून राहायचा. गाडीचं काही नाही, गाडी आज ना उद्या येईल. पण आईने बहिणीला दिलेला शब्द होता, आणि आई हल्ली गाडीचं नावच काढत नव्हती. आईने विचारणं बंद केलं की काय समजायचं, ते जयदेवला लहानपणापासून माहीत होतं.

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा वैष्णवीचा फोन आला. आपणहून. जयदेव उभाच राहिला.

"सर, तुम्ही बुक केलेला सिल्व्हर कलर अजून ट्रान्झिटमध्येच आहे. पण एका पार्टीचं बुकिंग कॅन्सल झालंय. व्हाइट आहे. परवा मिळेल."

जयदेवने फोनवर हात ठेवून घरात विचारलं. कुंदा म्हणाली, "हिरवी असली तरी घ्या." द्रौपदीबाई पहिल्यांदाच कितीतरी दिवसांनी हसल्या. "पांढरी तर चांगलीच. आपल्याकडं लग्नात पांढरंच लागतं."

गाडी प्रत्यक्षात आली ती लग्नाच्या आदल्या दिवशी. शोरूममधून हार घालून निघाली ती थेट उल्हासनगरला लछूसेठच्या दारात. सगळं सामान राजेंद्रने आधीच तिथे पोचवलं होतं. कॅरिअरवर कुंदाची एक ओढणी तशीच राहिली होती. ती काढून दिली गेली. फिटर दिवसभर गाडीखाली. संध्याकाळी लछूसेठने कॅरिअरवर थाप मारली. "नट स्पेशल डाले हैं साईं. चोर का बाप नहीं खोल सकता. पाना सिर्फ मेरे पास."

"घरी एक देऊन ठेवा ना," जयदेव म्हणाला.

"घर में रखोगे तो चोर को मिलेगा," लछूसेठ म्हणाला. ह्यातही तथ्य वाटलं.

सुखदा सोसायटीपाशी गाडी पोचली तेव्हा सगळी बिल्डिंग फाटकावर उभी होती. इतके महिने वाट बघितल्यावर गाडीवर त्यांचाही थोडा हक्क झाला होता. आण्णा म्हणाले, "एक चक्कर तर झालीच पाहिजे." आण्णा पुढे बसले. मागे त्यांच्या पत्नी बकुळाताई, राजेंद्र, वरच्या मजल्यावरचं जोडपं, त्यांच्या मागे आणखी कोण कोण. पानाच्या दुकानापर्यंत जाऊन गाडी परत आली आणि तशीच भरलेली बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये शिरली. वर तुळई होती. गाडी तिच्याखालून सुळकन गेली. आण्णा म्हणाले, "मापात बनवलीय." जयदेवला त्या रात्री शांत झोप लागली. तेवढीच.

सकाळी नवरदेवाला घ्यायला वाडीवर जायचं होतं. कुंदा पांढऱ्या, सोनेरी काठाच्या साडीत. द्रौपदीबाई तशाच, हातात पिशवी. त्यांना चढता यावं म्हणून कुंदाने घरातलं प्लॅस्टिकचं स्टूलही घेतलं होतं, कारण लछूसेठच्या पायऱ्या सुंदर असल्या तरी गुडघ्याच्या पायऱ्या नव्हत्या. दोघी फाटकाशी उभ्या राहिल्या. जयदेव एकटा गाडीत बसला, दार 'धप्प' लावलं, हॉर्नची धून वाजवत गाडी मागे घेतली.

धुनीच्या वर 'खर्रर्र' असा आवाज आला आणि गाडी थांबली.

तो खाली उतरला. कॅरिअर तुळईखाली अडकला होता. पुढे घ्यावी तर खर्रर्र, मागे घ्यावी तर खर्रर्र. रात्री सुळकन गेलेली गाडी सकाळी उंच कशी झाली, हे त्याला काही केल्या कळेना. राजेंद्रला फोन लावला. राजेंद्र झोपेत म्हणाला, "कॅरिअर काढा ना दाजी." लछूसेठला फोन लावला. लछूसेठ देवपूजेत होता. त्याच्या बायकोने सांगितलं, दुकान अकराला उघडेल. आण्णा बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "टायरमधली हवा सोडा." ती सोडली की परत भरणारा दहाच्या आधी दुकान उघडत नाही, हे कुंदाने सांगितलं.

जयदेव टायरवर टेकला. त्याला रागही आला नाही. इतक्या महिन्यांत राग वापरून संपला होता. वाडीवर आकाश तयार होऊन बसला असेल, मावशी रस्त्यावर येऊन उभी असेल, आणि तिला फोन करून आता काय सांगायचं? गाडी निघण्याच्या प्रोसेसमध्ये आहे?

"जयदेव," द्रौपदीबाई स्टुलावर बसल्या होत्या तिथून म्हणाल्या, "रात्री तुम्ही सगळे आत कोंबून बसला होतात. गाडी बसकी झाली होती. आता तू एकटा हायस. वर आली."

सगळ्यांनी आण्णांकडे बघितलं.

"मी अजून आंघोळ केली नाही," आण्णा म्हणाले.

"आण्णा, वजनाला आंघोळ लागत नाही," कुंदा म्हणाली.

आण्णा तसेच पुढे बसले. पण आण्णांच्या वजनाने गाडी फक्त नाकापुरती खाली आली. मग जयदेव जिना चढला. एकेका दाराची बेल वाजवायची आणि झोपेतून उठलेल्या माणसाला सांगायचं, जरा खाली येऊन गाडीत बसता का. का म्हणून विचारलं की खरं सांगायचं. रात्री बसलेले बिल्डिंगमधले सगळे आले. बकुळाताई हातात चहाचा कप घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरचं जोडपं भांडत होतं. ते भांडतच मागे बसलं.

"अजून एक जण पाहिजे," खाली वाकून बघत असलेली कुंदा म्हणाली.

"रात्री राजेंद्र होता," जयदेवला आठवलं.

शेवटी इस्त्रीवाला कपड्यांच्या गाठोड्यासकट बसला, आणि गाडी इतकीशी खाली गेली. जयदेवने श्वास रोखून, जणू त्यानेही काही फरक पडेल अशा बेताने, गाडी मागे घेतली. एकदा हलकं 'खर्र' झालं आणि गाडी उजेडात आली. आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे उतरले, आण्णांनी उतरताना बजावलं, "परत आत घालू नका. बाहेरच लावा."

वाडीवर पोचायला उशीर व्हायचा तो झालाच. सुंदराबाई खरंच रस्त्यावर उभी होती. एकटी.

"आकाश?" जयदेवने काच खाली करून विचारलं.

"त्यो गेला. मंडपवाल्याच्या टेम्पोत बसून. मुहूर्त न्हाय आपल्यात, पर भंतेजींना पुढं दुसरं लगीन हाय." सुंदराबाईने गाडीकडे एकदा पुढून मागून बघितलं. "लई उंच हाय."

जयदेवने मान खाली घातली. तेवढ्यात मागचं दार उघडलं, कुंदाने स्टूल ठेवलं आणि द्रौपदीबाई हळूहळू, एक पाय, मग दुसरा पाय, असं करत खाली उतरल्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. सुंदराबाईने बहिणीच्या तोंडावरून हात फिरवला.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली.

"तू काय कमी वाळलीस?"

मग दोघींना मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसवलं. द्रौपदीबाईंनी पाय पसरले. वाटभर दोघींचं बोलणं थांबलं नाही, आणि आरशात बघताना जयदेवला महिनोन्‌महिन्यांनी पहिल्यांदा वाटलं की झालं ते ठीक झालं.

लग्न मुरबाडच्या बाजूला एका गावात, शाळेच्या मैदानावर होतं. ते पोचले तेव्हा त्रिशरण-पंचशील सुरू होत होतं; म्हणजे मुख्य ते चुकलं नाही. पण जेवणं झाल्यावर कळलं, मंडपवाल्याचा टेम्पो सामान घेऊन परत गेला. पाहुण्यांना डांबरी रस्त्यापर्यंत, एसटीच्या फाट्यावर, सोडायचं कसं? सुंदराबाईने सगळ्यांसमोर सांगितलं, "जयदेवची गाडी हाय की. घरची हाय."

जयदेवने फेऱ्या मारल्या. गाडीच्या पहिल्याच दिवशी तिच्यात इतकी माणसं बसली असतील असं शोरूमलाही वाटलं नसेल. कोट काढला, बाह्या दुमडल्या, मानेला रुमाल बांधला. कोंबड्या आल्या, आहेराच्या पातेल्या आल्या, एका पोराने नव्या सीट कव्हरवर बुंदी सांडली. शेवटच्या फेरीला कुंदा मागे बसून आली, आणि पुढे एक फेटेवाले म्हातारेबुवा बसले होते. त्यांनी वाटेत खिडकीची काच वर-खाली करून पाहिली, एसीच्या जाळीवर हात धरला, डॅशबोर्डवरून बोट फिरवून धूळ आहे का बघितलं. फाट्यावर गाडी थांबली. म्हातारेबुवा सावकाश उतरले आणि दार लावण्याआधी आत वाकून म्हणाले,

"बाबा, गाडी चांगली ठेवलीस हां. मालकाला सांग."

जयदेवने आरशात बघितलं. कुंदा साडीचा पदर तोंडावर धरून खिडकीबाहेर बघत होती.

"सांगतो," तो म्हणाला.